न सांगता येणारं बरोबर उत्तर

भोसरीत शिकवायचं म्हणजे वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी कुणी ना कुणी एमआयडीसीत कामाला असतं. सीएनसी, पीएलसी हे शब्द काही पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. म्हणून हा विषय इथे मांडते. मशीनमधलं सर्किट कोण काढतं? इंजिनिअर, असं तुम्ही म्हणाल. पण १९९६ साली इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्पसन यांनी ते कुणालाच काढू दिलं नाही.

एफपीजीए नावाची चिप असते. तिच्यात छोटे छोटे कप्पे. कुठला कप्पा काय करेल, कुणाला जोडला जाईल, हे शून्य आणि एकच्या लांबलचक ओळीने ठरतं. ओळ बदलली की सर्किट बदललं, सोल्डरिंगची भानगडच नाही. थॉम्पसननी ४०९६ कप्प्यांच्या चिपचा फक्त १०×१० चा कोपरा घेतला. काम दिलं ते असं: १ किलोहर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झ हे दोन सूर वेगळे ओळखायचे. तेही ठोके देणारं घड्याळ न देता!

सुरुवातीला अशा ५० ओळी, चक्क अंदाधुंद. प्रत्येक चिपवर चढवून मार्क द्यायचे. चांगल्या ओळींची एकमेकींत सरमिसळ करायची, मधेच एखाददुसरा अंक उलटा करायचा, की झाली पुढची पिढी. अशा सुमारे ५००० पिढ्या, दोन-तीन आठवडे. शेवटी सर्किट सूर बरोबर ओळखू लागलं.

(वर्गात हे १२ चौकोनांच्या चिठ्ठ्यांवर करून बघा. लपवलेल्या ओळीशी किती चौकोन जुळले तेवढेच सांगायचे, कुठले ते नाही. आमच्याकडे सहाव्या फेरीत जुळलं, आणि पोरांनी बाकं वाजवली.)

आता खरी गंमत. ते सर्किट चालतं कसं, हे नीट उलगडेना. काही कप्पे बाहेर येणाऱ्या उत्तराशी तारेने जोडलेलेच नव्हते, तरी ते गोठवले की काम बिघडायचं. तीच ओळ चिपच्या दुसऱ्या भागात टाकली तर कामगिरी घसरली. तापमान फार बदललं तरी तेच. म्हणजे सर्किट त्या एका जागेला सरावलं होतं.

इथे मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवतो. १४४ भागिले ६? लगेच २४. पायऱ्या मांड म्हटलं की, "मॅडम, असंच आलं." पायऱ्या नाहीत म्हणून मार्क कापायचे का? आपल्याकडे कापतात. मला ते पटत नाही, पण नुसतं उत्तर बघून पूर्ण मार्क देणंही पटत नाही. थॉम्पसननी पुढे काय केलं बघा: सर्किट घडत असतानाच ते वेगवेगळ्या चिपांवर, वेगवेगळ्या तापमानात तपासलं. मग टिकाऊ सर्किटं मिळाली. मीही त्या मुलाला भागाकार कधी पैशांत घातला, कधी लिटरमध्ये, कधी बाकी उरेल असा. चार बरोबर आले. बाकीचा चुकला.

वडिलांचं ठेकेदारीचं काम संपलंय, पुढच्या महिन्यात ते चाकणला चाललेत. नव्या वर्गशिक्षकांसाठी मी त्याच्या वहीत चिठ्ठी ठेवली आहे: "पायऱ्या विचारण्याआधी याला वेगवेगळी पाच उदाहरणं घाला. बाकी उरणारं एक नक्की घाला."