‘वय झालं’ हा आजार नाही

आमची आई ७२ वर्षांची. माळकरी, त्यामुळे अंडी-मासळीचा प्रश्नच नाही. दोन वर्षांपूर्वी म्हणायला लागली, "पायाला मुंग्या येतात रे." आम्ही म्हणालो, वय झालं. मग चालताना चप्पल पायातून निसटायची आणि तिला पत्ताच नसायचा. वय झालं. तोंडपाठ हरिपाठ म्हणताना मधेच अडकायची. त्यावरही आमचं तेच.

शेवटी न्हाणीघरात पडली तेव्हा दवाखाना गाठला. हाड शाबूत होतं. पण तिथल्या डॉक्टर मॅडमनी दोन गोष्टी विचारल्या, "आजी, खाता काय? आणि गोळ्या कुठल्या, किती वर्षं?" शुगरची मेटफॉर्मिन १२ वर्षं, सोबत रोज ॲसिडिटीची गोळी. रक्त तपासलं. बी-१२ निघालं ११०. साधारण २०० च्या खाली गेलं की कमतरता धरतात.

मॅडमनी समजावलं. बी-१२ भाजी-भाकरीत नसतं. मांस, मासे, अंडी, नाहीतर दूध-दही यांतून मिळतं. उतारवयात पोटातलं आम्ल कमी होतं, मग खाल्लेलंही नीट अंगी लागत नाही. त्यात या दोन्ही गोळ्या वर्षानुवर्षं चालू असल्या की आणखी घटतं. मुंग्या शुगरमुळेही येतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. थायरॉईडही बघितलं, कारण सुस्ती, बद्धकोष्ठ, विसराळूपणा तिथूनही येतो. ते ठीक निघालं.

इंजेक्शनं सुरू झाली. काही महिन्यांत हरिपाठ पुन्हा सलग सुरू झाला. पायांचा तोल मात्र पूर्ण आला नाही, हातात काठी राहिली. नसांचं नुकसान फार काळ राहिलं तर सगळं भरून येत नाही. ती काठी आमच्या ‘वय झालं’ची आहे.

७० वर्षांवरच्या सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत ५ लाखांचं कवच आहे. चांगलंच आहे. पण ते ॲडमिट झाल्यावर. ओपीडीतली साधी रक्ततपासणी त्यात बसत नाही. म्हणजे म्हातारं माणूस पडल्यावर सोय आहे, पडू नये म्हणून नाही. आपल्या आरोग्य केंद्रात ज्येष्ठांची बी-१२ आणि टीएसएच तपासणी होते का, हे मी येत्या ग्रामसभेत विचारणार आहे. तुम्हीही विचारा.

आणि आज घरी गेल्यावर आई-वडिलांचा गोळ्यांचा डबा उघडून बघा. स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका, डबाच डॉक्टरांपुढे ठेवा.