मोटर थांबली की मिनिटंही थांबावीत

पुणे, रविवार

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि वहीच्या पानावर काढलेलं सर्किट, दोन्ही मिळालं. डाळिंबाच्या तिन्ही प्लॉटना पाळीनं पाणी देणारी पेटी तू एकटीनं उभी केलीस, याचा आनंद भेटल्यावरच नीट सांगेन. लाईट गेली की पेटी सगळं विसरते, परत आली की पुन्हा पहिल्या प्लॉटपासून सुरू करते आणि तिसरा कोरडा राहतो, असं तू लिहिलंस. दाजींची काळजी रास्त आहे. फळ धरलेलं असताना पाणी कधी भरपूर, कधी नाहीच, असं झालं की डाळिंब तडकतं. म्हणून तू लिथियमचे सेल आणि चार्जर लावायचं म्हणतेस, आणि किती क्षमतेचे घेऊ असं विचारतेस.

सेल घेऊच नकोस.

लाईट गेल्यावर शेतात आणखी काय बंद पडतं ते आठव. मोटर. मोटर बंद म्हणजे ठिबकमध्ये पाणी नाही. आता समज, पेटी सेलवर जागी आहे. तिच्या हिशेबानं दुसऱ्या प्लॉटची चाळीस मिनिटं चालू आहेत. ती मोजत राहील, चाळीस झाली की तिसरा व्हॉल्व्ह उघडेल, त्याचीही मिनिटं मोजेल, आणि संध्याकाळी तिच्या नोंदीत तिन्ही प्लॉट भिजलेले असतील. जमिनीत थेंब नसेल. आज पेटी विसरते हे निदान दिसतं. सेल लावल्यावर ती खोटं लक्षात ठेवेल, आणि ते झाडं माना टाकेपर्यंत कळणार नाही.

हीच चूक सेल न लावताही होऊ शकते. तुमच्याकडे थ्री फेज जाते तेव्हा कितीदा सिंगल फेज चालूच असते. वस्तीवरचा बल्ब जळतो, मोटर मात्र गप्प. तुझी पेटी त्या बल्बच्याच लाईनवर आहे. म्हणून फिल्टरच्या पुढे, मेन पाइपवर एक प्रेशर स्विच बसव. पाण्याचा दाब असेल तेव्हाच मिनिट मोजायचं, नसेल तर जिथे आहोत तिथे थांबायचं. माझ्या मते तुझ्या सगळ्या सर्किटात या एका स्विचइतकी मोलाची दुसरी वस्तू नाही. आणि व्हॉल्व्ह मात्र दाबाची वाट न बघता आधी उघडून ठेव. लाईट आल्यावर ऑटोनं मोटर सुरू होते, त्या वेळी तिन्ही व्हॉल्व्ह बंद असले तर सगळा दाब पाइपाच्या जोडांवर येतो.

मग लाईट गेल्यावर जपायचं काय? व्हॉल्व्ह नाहीत, ते वीज गेली की आपोआप मिटतात. डिस्प्लेही नाही. जपायचं ते एवढंच: घड्याळ, आणि कोणत्या प्लॉटची किती मिनिटं उरली ही नोंद.

घड्याळासाठी डीएस३२३१ ही चिप घे. एरवीच्या तापमानात ती वर्षाला साधारण मिनिटभरापेक्षा जास्त चुकत नाही आणि सीआर२०३२ या बटण सेलवर काही वर्षं सहज चालते. पण बाजारात मिळणाऱ्या तिच्या निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करायची वाट ठेवलेली असते, आणि सीआर२०३२ चार्ज करायचा सेलच नव्हे. त्या वाटेवर एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर आहे. रेझिस्टर काढून टाक, मगच सेल बसव. हे विसरू नकोस.

लाईट जाता जाता नोंद लिहून ठेवायला कपॅसिटर पुरतो. अडॅप्टरच्या १२ व्होल्टवरून १एन४००७ डायोड, त्याच्या पलीकडे २२०० मायक्रोफॅरडचा २५ व्होल्टचा कपॅसिटर, आणि तिथून बोर्डाच्या व्हिन पिनेला. व्हॉल्व्ह आणि रिलेच्या कॉइल डायोडच्या अलीकडेच राहू देत (रिले १२ व्होल्टचेच हवेत), नाहीतर लाईट गेल्या क्षणी तेच कपॅसिटर पिऊन टाकतील. डायोडच्या अलीकडूनच १०० के आणि १२ के असे दोन रेझिस्टर लावून मधला बिंदू बोर्डावरच्या चिपच्या कंपॅरेटरला दे. आतल्या १.१ व्होल्टशी तुलना केली की अडॅप्टर दहाच्या आसपास उतरताच इशारा मिळतो.

त्यानंतर हाती वेळ किती? कपॅसिटरवर तेव्हा साधारण ९.६ व्होल्ट असतील आणि बोर्डाला ७ पर्यंत चालतं. मधले २.६ गुणिले ०.००२२ फॅरड, भागिले बोर्डाचे ०.०५ अँपिअर. उत्तर ०.११ सेकंद. त्याच चिपच्या ईईप्रॉममध्ये एक बाइट लिहायला साडेतीन मिलिसेकंदांच्या आत लागतात. तुझी नोंद बेरीज-तपासणी धरून सहा बाइटची, म्हणजे वीस मिलिसेकंद. पाचपट वेळ शिल्लक आहे, आणि तो हवाच, कारण उन्हात कपॅसिटर म्हातारे होतात.

दर मिनिटाला नोंद लिहिली तर हा सगळा खटाटोप कशाला, असं तू म्हणशील. ईईप्रॉमची एक जागा एक लाख वेळा लिहिण्याची खात्री कंपनी देते. मिनिटाला एकदा म्हणजे सत्तर दिवसांत ती मर्यादा संपली, एक बहारही पुरा होणार नाही. फक्त लाईट जाताना लिहिलं, अगदी रोज दहा वेळा गेली तरी, सत्तावीस वर्षं झाली. शिवाय चिपचा ब्राउनआउट ४.३ व्होल्टवर ठेव; अर्धवट व्होल्टेजवर धडपडणारी चिप ईईप्रॉममध्ये भलतंच लिहून जाते.

आणखी एक. तुझी पेटी पत्र्याची आहे आणि सांगोल्याचं ऊन मला माहीत आहे. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. मी पूर्वी शेतातल्या अशाच एका पेटीत चपटा सेल ठेवला होता, मे महिन्यात तो उशीसारखा फुगला. पेटी सुतळीनं खांबाला बांधलेली, शेजारी कडब्याची गंजी. त्या दिवसापासून मला शेतातल्या पेटीत चार्ज होणारा लिथियम सेल नको वाटतो.

पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून डायोड, कपॅसिटर आणि रिले घेऊन ठेवलेत, उद्या पार्सल करतो. प्रेशर स्विच तिकडे ठिबकवाल्याकडेच बघ, दाजींना पाइपाचं माप माहीत आहे. सगळं जोडलं की पेटीचा प्लग हातानं पन्नास वेळा काढ, प्रत्येक वेळी वेगळ्या मिनिटाला, कधी व्हॉल्व्ह उघडत असतानाच, आणि परत लावल्यावर तिनं काय सांगितलं ते वहीत मांड. ती वही मला पाठव. एक ओळ जरी चुकली तरी तीच आधी दाखव.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा