मेंदूच्या एमआरआयमध्ये 'पांढरे ठिपके' आले, आता काय?

हल्ली माझ्या दवाखान्यात एक दृश्य वारंवार दिसतं. पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, "डॉक्टर, मेंदूत डाग निघालेत." रिपोर्ट आदल्या संध्याकाळी आलेला असतो. रात्रभर गुगलवर शोधाशोध झालेली असते आणि सकाळपर्यंत त्या माणसाने मनातल्या मनात स्वतःला व्हीलचेअरवर बसवलेलं असतं. तुमच्या घरात असा रिपोर्ट आला असेल, तर पाच मिनिटं शांतपणे हे वाचा.

रिपोर्टमध्ये बहुधा 'लीजन' हा शब्द असतो. लीजन म्हटलं की गाठ किंवा कॅन्सर, असं नाही. आजूबाजूपेक्षा वेगळा दिसणारा भाग, एवढाच त्याचा अर्थ. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. मोठं चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या मदतीने शरीरातल्या पाण्याकडून संकेत मिळवून हे चित्र तयार होतं. मेंदूचा जो भाग सुजला किंवा झिजला असेल, तिथल्या पाण्याचं प्रमाण बदलतं आणि काही चित्रांत तो पांढरा दिसतो. म्हणजे ठिपका सांगतो, 'इथे काहीतरी घडलंय.' ते कशामुळे घडलं, हे तो एकटा बऱ्याचदा सांगू शकत नाही.

वाढतं वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, मायग्रेन, या सगळ्यांत असे ठिपके दिसतात. साठी ओलांडलेल्या पुष्कळ लोकांच्या एमआरआयमध्ये ते सापडतात. पण रिपोर्टमध्ये 'डिमायलिनेशन?' असं प्रश्नचिन्ह टाकून लिहिलं असलं, की घरातले सगळे प्रश्नचिन्ह विसरतात आणि फक्त शब्द वाचतात.

माझ्याकडे एक तरुण मुलगी आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) डोकेदुखीसाठी एमआरआय झाला, चार-पाच बारीक ठिपके आले आणि रिपोर्टमध्ये हाच शब्द होता. लग्न ठरलेलं होतं. आईवडिलांनी ते थांबवायची भाषा सुरू केली होती. मी तिला दोन गोष्टी विचारल्या. कधी एका डोळ्याने अंधुक दिसलं होतं का? हात किंवा पाय काही दिवस बधिर, लुळा पडला होता का? उत्तर 'नाही' होतं. तपासणीतही दोष नव्हता. न्यूरोलॉजिस्टनी सगळी चित्रं पाहिली आणि हे ठिपके मायग्रेनमध्ये दिसतात तसे आहेत, असं सांगितलं. लग्न ठरल्या तारखेला झालं.

आता मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, याबद्दल. विजेच्या वायरवर जसं प्लास्टिक असतं, तसं आपल्या अनेक मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती या आवरणावर हल्ला करते. हा आजार बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो. १८६८ मध्ये पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. तेव्हा मेंदूतले चट्टे मृत्यूनंतरच दिसत. १९८१ मध्ये जिवंत रुग्णांच्या मेंदूतले चट्टे एमआरआयवर पहिल्यांदा स्पष्ट दिसले आणि निदानाची पद्धतच बदलली.

एमएस ओळखताना डॉक्टर ठिपक्यांची नुसती संख्या मोजत नाहीत. पहिला प्रश्न जागेचा. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना लागून, मेंदूच्या बाहेरच्या थराजवळ, मेंदूच्या देठात किंवा लहान मेंदूत, आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत, अशा ठराविक ठिकाणी चट्टे आहेत का? म्हणूनच कधीकधी मेंदूबरोबर मणक्याचाही एमआरआय सांगतात. दुसरा प्रश्न वेळेचा. शिरेतून गॅडोलिनियम हे औषध दिलं, की ताजे चट्टे साधारण काही आठवडे उजळ दिसतात, जुने दिसत नाहीत. एकाच चित्रात जुने आणि ताजे दोन्ही सापडले, तर हल्ले वेगवेगळ्या वेळी झाल्याचा तो पुरावा असतो. गरज पडली तर पाठीतून पाणी काढून तपासतात.

आपल्याकडे आणखी काही शक्यता तपासाव्या लागतात. बी-१२ ची कमतरता, विशेषतः शाकाहारी लोकांत, हातापायांना मुंग्या आणते आणि मज्जारज्जूवरही परिणाम करते. क्षयरोग आणि मेंदूत जाणाऱ्या फीतकृमीच्या अळ्या यांचेही चट्टे दिसतात. एनएमओ नावाचा एमएससारखाच दिसणारा आजार आहे. तो रक्ततपासणीने ओळखता येतो आणि ओळखावाच लागतो, कारण एमएसची काही औषधं त्यात अपाय करतात.

याची दुसरी बाजूही सांगतो. एका बाईंना एका डोळ्याने धूसर दिसू लागलं, डोळा हलवला की दुखायचं. महिन्याभरात आपोआप बरं झालं म्हणून त्यांनी कुणाला दाखवलं नाही. दीड वर्षाने पाय जड झाला, तेव्हा 'अशक्तपणा' म्हणून घरीच टॉनिक घेतलं. माझ्याकडे आल्या तेव्हा तिसरा झटका होता. एमआरआयमध्ये जुने आणि नवे चट्टे स्पष्ट होते. आज त्या नियमित औषधं घेतात आणि नोकरीही करतात, पण पायातला थोडा जडपणा राहिला तो राहिलाच. नवे झटके कमी करणारी औषधं आज आहेत. झालेलं सगळं नुकसान ती भरून काढत नाहीत, म्हणून ती लवकर सुरू व्हायला हवीत.

तर तुम्ही एवढं करा:

- एका डोळ्याने अंधुक दिसणं, दोन दिसणं, बधिरपणा, तोल जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं २४ तासांपेक्षा जास्त टिकलं, तर आपोआप बरं झालं तरी डॉक्टरांना दाखवा. तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं किंवा एक बाजू अचानक लुळी पडणं असेल, तर तो पक्षाघात असू शकतो. क्षणभरही न थांबता हॉस्पिटल गाठा.
- प्रत्येक त्रासाची तारीख वहीत लिहून ठेवा. एमआरआयइतकीच ती वही मोलाची आहे.
- नुसता रिपोर्ट नको, सीडी किंवा फिल्म आणि जुने एमआरआयही जपून ठेवा.
- पेसमेकर, शरीरातला धातू, किडनीचा आजार किंवा गर्भारपण असेल, तर तपासणीआधी सांगा.

आणि रिपोर्ट रात्री हातात आला, तर गुगल उघडू नका. सकाळी वही आणि सीडी घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.