मेळ जुळेपर्यंत

कडा येथील आमच्या धान्याच्या दुकानात काकाजींचा एक नियम होता. रोजमेळ जुळल्याशिवाय कुलूप लावायचे नाही. या नियमाचे खरे मोल मला त्यांच्या आजारपणात कळले.

वयाच्या ६८व्या वर्षी त्यांच्या वरच्या पापणीवर गाठ आली. एका दवाखान्यात रांजणवाडी समजून ती दोनदा साफ करण्यात आली. पण काढलेला अंश एकदाही तपासणीस पाठविला गेला नाही. गाठ तिसऱ्यांदा उद्भवली तेव्हा तेथील पापणीचे केसही झडले होते. पुण्याच्या डॉक्टरांनी तुकडा तपासून घेतला. निदान झाले : पापणीतील तैलग्रंथींचा कर्करोग. पाश्चात्त्य देशांत विरळ असलेला हा रोग भारतात बराच आढळतो आणि रांजणवाडीचे सोंग घेऊन येतो.

गाठीभोवतीची निरोगी दिसणारी कडही काढावी लागते, कारण रोगाचा विस्तार नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. परंतु पापणी नीट मिटली नाही तर बुबुळ कोरडे पडून दृष्टी धोक्यात येते. कमी कापावे तर रोग उरतो, अधिक कापावे तर डोळ्याचे संरक्षण जाते.

या पेचावर अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक मोह्स यांनी १९३०च्या दशकात मार्ग काढला. एकेक पातळ थर काढून त्याची संपूर्ण कड व तळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि जेथे रोग दिसेल तेथेच पुन्हा कापायचे. प्रारंभी ते झिंक क्लोराइडचा लेप लावून थांबत. १९५३ मध्ये पापणीच्याच एका शस्त्रक्रियेचे चित्रीकरण चालू असता वेळ वाचविण्यासाठी त्यांनी लेपाविना ताजा थर तपासला. आजची पद्धत त्यातून विकसित झाली. नेहमीच्या तपासणीत कडेचे मोजकेच काप पाहिले जातात. पोत्यातील मूठभर दाण्यांवरून सारा माल पारखावा, तसे ते असते.

काकाजींचा रोग मध्ये जागा सोडूनही पसरू शकणारा होता. म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया चालू असतानाच कडा गोठवून तपासल्या व डोळ्याच्या आतील आवरणाचे लहान नमुनेही घेतले. पहिल्या अहवालात नाकाकडील कड सदोष निघाली. “कड स्वच्छ असल्याचे कळेपर्यंत पापणी जोडणार नाही,” असा निरोप आला. दुसरा अहवाल निर्दोष आला. मग खालच्या पापणीचा भाग वर घेऊन नवी पापणी रचली. काही आठवडे तो डोळा बंदच होता. शुद्धीवर येताच काकाजींनी विचारले, “मेळ जुळला का?”

घरातील वडीलधाऱ्यांची रांजणवाडी त्याच जागी पुन्हा आली, पापणी जाड झाली किंवा तेथील केस झडले, तर काढलेला तुकडा तपासणीस पाठविण्याचा आग्रह धरावा. शस्त्रक्रिया ठरल्यास कडांची तपासणी केव्हा व कशी होणार, हेही आधीच विचारावे. व्यवहारात पै-पैचा हिशेब मागणाऱ्या आपल्या घरांना हा प्रश्न विचारण्याचा संकोच वाटू नये.