इंजिन बॅक मारतंय!

दसरा झाला की आमच्या भागातले ट्रॅक्टर ऊसवाहतुकीच्या तयारीला लागतात आणि गॅरेजात पहिली तक्रार येते ती ऑइल गळतीची. मालकाचं निदान ठरलेलं असतं: ‘‘मागचं सील गेलंय, तेवढं बदला.’’ तेवढं म्हणजे ट्रॅक्टर मधून सोडवून इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायचे. म्हणून पान्याला हात लावायच्या आधी मी विचारतो, ब्रीदर कधी साफ केला होता? बहुतेकांना तो कुठे असतो हेच माहीत नसतं.

रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी फायरिंगचा थोडा गॅस त्यांना चुकवून क्रँककेसमध्ये उतरतोच. अगदी कोऱ्या इंजिनातही. तो ब्रीदरमधून बाहेर पडतो. ब्रीदर चोंदला, किंवा रिंगा-लाइनर झिजून गॅसच जास्त यायला लागला, की आत दाब साठतो. सील ऑइल अडवायला केलेलं असतं, दाब झेलायला नव्हे. मग टॅपेट कव्हर, चेंबरचं पॅकिंग, डिपस्टिकची नळी, जिथे कच्चं सापडेल तिथून ऑइल बाहेर येतं. दाब तसाच ठेवून घातलेलं नवं सीलही फार टिकत नाही. वरून सिलिकॉन थापणं तर त्याहून वाईट. आत सुटलेला त्याचा तुकडा ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो.

टोपण काढलं, भसाभस धूर दिसला, की ‘बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन खोला’ असं सांगणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. माझ्याकडे ऑइल भरायच्या तोंडाचं एक जुनं टोपण आहे, भोक पाडून निप्पल बसवलेलं. त्याला पारदर्शक नळी जोडायची, नळीला इंग्रजी ‘यू’सारखा बाक देऊन त्यात अर्धं पाणी भरायचं आणि इंजिन गरम झाल्यावर बघायचं. दोन्ही बाजूंच्या पाण्यात किती फरक चालतो ते कंपनीच्या पुस्तकात असतं. फरक जास्त दिसला तर टोपण काढून तोंडावर नुसतं उलटं ठेवायचं. उडून पडलं, तर गॅस खरोखरच जास्त आहे. जेमतेम थरथरलं, तर रिंगा ठीक आहेत, वाट बंद आहे. एका ट्रॅक्टरच्या ब्रीदर पाइपात पावसाळाभर उभ्या गाडीत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं निघालं. मालक तोवर रिंगांचे पैसे जमवत होता!

गॅस जास्त असला तरी लगेच हेड उतरवू नये. एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये कॉम्प्रेसरच्या झिजलेल्या रिंगाही क्रँककेसमध्ये हवा भरतात, टर्बोचं सीलही तेच करतं. पेट्रोल गाडीचं गणित उलटं. तिथे पीसीव्ही व्हॉल्व्ह हा गॅस ओढून परत इन्टेकमध्ये नेतो, म्हणून आयडलला तोंडावर ठेवलेला कागद हलकेच आत ओढला गेला पाहिजे.

दाब ठीक असूनही ओल असेल, तर इंजिन धुऊन, कोरडं करून टाल्कम पावडर मारा आणि थोडं चालवा. ऑइल खाली ओघळतं, वाऱ्याने मागे पसरतं. म्हणून सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली रेघ शोधायची.

कारखान्याची शिट्टी व्हायच्या आत ट्रॅक्टरचा ब्रीदर एकदा काढून डिझेलने धुवा, हवा मारा. पाइपाचं खालचं तोंडही बघा. त्यानंतरही ऑइल टिपकलं, तर खुशाल सीलला दोष द्या.