सरांनी खोडलेली वाक्यं

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या गारगोटीत मौनाचं फारसं अप्रूप नाही. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक, जे पुढं कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले, त्यांनी इथं विद्यापीठ उभारलं आणि त्याला नाव दिलं पाटगावच्या मौनी महाराजांचं. दक्षिण दिग्विजयाआधी शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनाला गेले होते, असं आमच्याकडं पोरंसोरंही सांगतात. न बोलणाऱ्या साधूच्या नावानं दिवसभर तासांवर तास चालायचे, याची आम्हाला मोठी गंमत वाटे.

मराठीच्या सरांना ती वाटत नसावी. वडील गेले त्या वर्षी मी निबंधात लिहिलं, ‘देवानं त्यांना बोलावून घेतलं.’ घरी भेटायला येणारा जो तो हेच म्हणत होता. सरांनी त्यावर लाल पेन्सिलीनं रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘कशावरून?’ मला रागच आला. बदलून लिहिलं, ‘त्यांचे भोग संपले.’ तेही खोडलं. म्हणाले, “हेबी नको. तुला ठाऊक हाय तेवढंच लिही.” ठाऊक होतं ते इतकंच, की वडिलांची सायकल पडवीत उभी आहे आणि मागच्या चाकातली हवा गेली आहे. ते वाक्य त्यांनी राहू दिलं.

पुढं त्यांनीच मला ज्ञानेश्वरांचं ‘अनुभवामृत’ वाचायला लावलं. पाचव्या प्रकरणात ज्ञानेश्वर सत्, चित्, आनंद ही पदं तपासतात. या पदांनी परब्रह्माचं वर्णन होत नाही. असत्, जड आणि दुःख यांचं निवारण तेवढं होतं, आणि मग पदंही मागं सरतात. उपनिषदांतलं ‘नेति नेति’, म्हणजे ‘हे नव्हे, हे नव्हे’, याच वाटेचं. डायोनिसियस या नावानं लिहिणाऱ्या ख्रिस्ती ग्रंथकारानं देवाविषयी हाच मार्ग धरला, आणि १९८६ साली जेरुसलेमच्या व्याख्यानात फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदाही याच नकाराच्या प्रश्नाशी झटत होता. सरांच्या तोंडी मात्र डायोनिसियस किंवा देरिदा ही नावं कधी आली नाहीत.

हा नकार कोरडा असतो, असं पुष्कळजण म्हणतात. मला तसं वाटत नाही. देवाच्या नावावर खपवलेली कारणं गेली, तेव्हा कुठं मला वडिलांसाठी रडता आलं.

अनुभवामृतातल्या तिसऱ्या प्रकरणाचं नाव ‘वाचाऋणपरिहार’ आहे. ज्ञानेश्वर वाणीचंसुद्धा ऋण मानतात आणि ते फेडतात. सरांचं मला फेडता आलेलं नाही; त्यांनी करून दिलेली या ग्रंथाची ओळख तेवढी पुढं देतो. अनुभवामृत हाती घेतलंत तर पाचव्या प्रकरणापासून सुरुवात करा. सातवं सर्वांत लांब आहे, ते सवडीनं वाचा.