जुनं गिऱ्हाईक

वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीचा विमा एक काका उतरवायचे. नात्याचे नव्हेत, सरकारी विमा कंपनीचे एजंट. पण पॉलिसी द्यायला आले की चहा घेतल्याशिवाय उठायचे नाहीत. हप्त्यावर घासाघीस कधी ऐकली नाही. १९७२ च्या कायद्यानं सामान्य विम्याचं राष्ट्रीयीकरण झालेलं, कंपन्या चार आणि दर चौघींचे सारखे. तरी वडील काकांनाच धरून राहिले, कारण गाडी ठोकली गेली तर सर्व्हेअरला घेऊन तेच दारात उभे राहणार होते.

माझ्या हाती गाडी आली तेव्हा तो काळ सरला होता. १ जानेवारी २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दर कंपनीनं ठरवायचा. थर्ड पार्टीचा दर मात्र कंपनीच्या हाती आला नाही. माझ्या बाराशे सीसीच्या गाडीला जून २०२२ पासून तो ३,४१६ रुपये, कंपनी कुठलीही असो. तिथे तक्रारीला जागा नाही. प्रश्न उरलेल्या आकड्याचा. गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, दरसाल घटते आणि पाचव्या वर्षी निम्म्यावर येते. दावा केला नाही तर नो क्लेम बोनस वीस टक्क्यांपासून चढत पन्नासवर जातो. या हिशेबानं माझा हप्ता उतरायला हवा होता. रिन्युअलचा मेसेज आला तो चढाच.

मुलीनं त्याच कंपनीच्या साइटवर माझीच गाडी नवं गिऱ्हाईक म्हणून टाकून पाहिली. तेच कव्हर, तीच आयडीव्ही, हप्ता कमी. मी फोन केला. पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, दुसरीकडचं कोटेशन पाठवा, मॅच करून देतो."

वाण्याकडे जुन्या गिऱ्हाइकाच्या पुडीत दोन दाणे जास्त पडायचे. इथे जुनं म्हणजे न बघता पैसे भरणारं. ब्रिटनमध्ये याला 'प्राइस वॉकिंग' म्हणत, दर पायरीपायरीनं चढवत नेणं. तिथल्या वित्तीय नियामकानं १ जानेवारी २०२२ पासून ते बंद केलं: घर आणि गाडीच्या विम्यात जुन्याला नव्यापेक्षा जास्त दर लावायचा नाही. मला हा नियम दयेचा वाटत नाही, साध्या हिशेबाचा वाटतो.

बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. कंपनी बदलली तरी सोबत येतो. तो घेऊन मी निघाले. वडिलांना मी कंपनी सोडल्याचं काही वाटलं नाही. हप्ता खाली आणायला सोडून जायची धमकी द्यावी लागते, हे मात्र त्यांना फार लागलं.

आता जुन्या कंपनीचे फोन येतात. परत या म्हणतात, आणि जो दर सांगतात तो मी त्यांच्याकडे असताना कधी कानावर आला नव्हता.